अळणी

"मी नेतो," असं सेवकराम बोलला, आणि बोलल्यावर त्यानंच मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मागे कोणी नव्हतं. गुरांच्या दवाखान्याच्या पडवीत तो होता, खूर सडलेली त्याची शेळी होती, डॉक्टर होते आणि खांबाला बांधलेलं ते म्हातारं कुत्रं होतं. शेळीच्या खुराला मलम लावता लावता डॉक्टर पट्टी बांधणाऱ्या माणसाला सहज म्हणाले होते, की सोमवारी या म्हाताऱ्याला इंजेक्शन देऊन मोकळं करू, किती दिवस सांभाळायचं, त्याचा साहेब काही परत येत नाही. कोणी बांधकाम खात्याचा साहेब बदली होऊन कोकणात गेला होता. सामान ट्रकमध्ये चढलं, कुत्रं चढलं नाही. दोन दिवसांसाठी म्हणून दवाखान्यात ठेवलं, त्याला चार महिने झाले. आता यात सेवकरामचं काय होतं? एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं कुत्र्याला दगडाशिवाय दुसरं काही दिलं नव्हतं. पण नेमकं तेव्हाच ते कुत्रं खोकललं. कोरडा, खोल, दोनदा अडकून तिसऱ्यांदा सुटणारा खोकला. आणि खोकून झाल्यावर त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कोणाला त्रास तर नाही ना झाला, अशा नजरेनं. खोकल्यावर असा ओशाळणारा एकच जीव सेवकरामनं आजवर पाहिला होता. ती त्याची बायको गोदावरी. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"तुम्ही नेता?" डॉक्टर हसले. ते सांगलीकडचे, पवनीला येऊन वर्षच झालेलं. "अहो, हृदय गेलंय त्याचं. पोटात पाणी झालंय, बघा ना कसं लोंबतंय. मागचे पाय धड नाहीत, एका डोळ्यात फूल पडलंय. महिना काढेल, फार तर दोन." "काढू द्या," सेवकराम म्हणाला. हेही तोच बोलला. आपल्या आत कोणीतरी दुसराच माणूस बसला आहे आणि तो भराभर सौदा करून टाकतो आहे, आपण नुसते शेळीची दोरी धरून उभे आहोत, असं त्याला झालं. डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी बांधली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. "आणि एक लक्षात ठेवा. मीठ अजिबात नाही. दूध द्या, भात द्या, पण सगळं अळणी. मीठ पोटात गेलं की पाणी वाढलंच समजा." सेवकरामनं पुडी घेतली. हेच शब्द, अगदी असेच, भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. तेव्हा त्यानं बोटावर मोजून पाठ करून घेतले होते. "माहीत आहे मले," तो म्हणाला, आणि डॉक्टरांना वाटलं, बुवा जाणकार दिसतो. कुत्र्याचं नाव कर्नल होतं. साहेबानं ठेवलेलं. कर्नलनं उठायला वेळ घेतला, आधी पुढचे पाय, मग मागचे, मग पोट. आणि एकदा उठल्यावर कोणाबरोबर जायचं आहे हे न विचारता चालू लागला.

आता कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, कुत्रं नेणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळी गल्लीभर ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरलेला असतो. या टोकाला खुंट, त्या टोकाला खुंट, मध्ये काठ्यांचे आधार, आणि दोन माणसं कुंच्यानं त्या सुताला खळ चोपडत पुढे-मागे चालत असतात. सूत वाळेपर्यंत माणूसही भिंतीला घासून, अंग चोरून जातं. त्यातून एक कुत्रं पळालं की आठ दिवसांचं काम मातीत. म्हणून कोष्ट्यांच्या गल्लीत कुणी कुत्रं पाळत नाही. पाळत नाही एवढंच नाही, गल्लीच्या तोंडाशी दगडांचा लहानसा ढीग असतो, तो खास कुत्र्यांसाठी. सेवकराम स्वतः लहानपणी तो ढीग रचत असे. त्या दिवशी ताणा तेजरामचा होता. हातात कुंचा तसाच धरून तेजराम बघत राहिला. "सेवकभाऊ, हे काय आणलं?" "कुत्रं." "ते दिसते मले. पण कायले आणलं?" "आजारी आहे ते," तो म्हणाला. "वा! आजारी आहे म्हणून घरी आणलं? धडधाकट असतं तं मंग तिथंच ठेवलं असतं का?" गल्ली हसली. ओसरीवर सुताच्या कांड्या भरत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कर्नल मात्र सुताच्या कडेशी आला, नाकानं खळीचा वास घेतला आणि एका बाजूला पोट टाकून बसला. सुताला त्याचा केससुद्धा लागला नाही. सूत वाळायला दीड तास लागला. तो दीड तास सेवकराम उन्हात उभा होता, एका हातात शेळी आणि एका हातात कुत्रं. बसायची त्याला लाज वाटत होती. आपण वेडे झालो की काय, हे त्यानं स्वतःला दोन-तीनदा विचारून पाहिलं. पण साखळी सोडावीशी वाटली नाही एवढं खरं.

घरी सून होती, मंदाबाई. मुलगा इश्वर वरठीला कामाला, तिथंच खोली करून राहायचा, रविवारी मोटारसायकलनं घरी यायचा. त्यामुळे सहा दिवस घरात सासरा, सून आणि शाळेतून येणारी-जाणारी पोरं. मंदाबाई दारातच कपाळाला हात लावून उभी राहिली. "मामाजी, तुम्ही शेळी घेऊन गेले होते ना?" "आणली ना शेळी." "अन् हे?" "हा कर्नल आहे." "कोण?" "नाव आहे त्याचं." मंदाबाईनं कर्नलकडे पाहिलं, कर्नलनं बऱ्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. "कर्नल असो नाही तं कलेक्टर असो," ती म्हणाली, "माझ्या चुलीकडे फिरकला तं पाहून घ्या. अन् त्याचं करन कोण? मी नाही करत. सांगून ठेवते." "मी करतो त्याचं," सेवकराम म्हणाला. ती आत जाता जाता थबकली. तिनं एकदा मागे वळून कुत्र्याच्या पोटाकडे पाहिलं, त्या ताणलेल्या, चकाकत्या पोटाकडे, आणि तिचा चेहरा उतरला. "काय झालं त्याले?" "पाणी झालं पोटात." ती आत गेली. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही.

मग सुरू झालं ते अळणी भाताचं. सेवकरामनं वेगळी पातेली काढली, वेगळी चूल मांडली, आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं मऊ भात शिजवू लागला. तो निवायचा, मग गोळी त्यात कुस्करायची, मग वाडगं पुढे ठेवायचं. कर्नल वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. सभ्यपणानं फिरवायचा, हे विशेष. मला भूक नाही, तुम्ही घ्या, असं. दोन घास खायचा तेही सेवकराम समोर बसून राहिला म्हणून. त्या वाडग्यासमोर उकिडवं बसून सेवकराम वर्षामागे वर्षं उतरत जायचा. गोदावरीचे पाय सुजायला लागले ते आणीबाणीच्या शेवटच्या दिवसांत. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग पोट. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. भंडाऱ्याला नेली. डॉक्टरांनी तपासलं, मीठ बंद म्हणून सांगितलं, आणि मग तिला बाहेर बसवून सेवकरामला आत बोलावलं. "दोन महिने," ते म्हणाले. "मीठ बंद केलं तर त्रास जरा कमी होईल, इतकंच. बाकी आपल्या हातात काही नाही." हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. तिला नाही, इश्वरला नाही, नव्यानं घरात आलेल्या सुनेला तर नाहीच. परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसून शेतातले धानाचे पुंजणे बघत होती, आणि तो मनाशी एकच गोष्ट घोकत होता: मीठ बंद, मीठ बंद. त्याला धरायला तेवढंच होतं. घरी आल्या आल्या त्यानं मिठाची बरणी उचलली आणि मागाच्या खोलीत नेली, खड्ड्याशी, उजव्या हाताजवळ. मागावर बसलं की माणसाचे पाय खड्ड्यात, दोन्ही हात आडवं सूत फेकणाऱ्या धोट्यात गुंतलेले. पण डोळे बरणीवर. सून सकाळी वाटी घेऊन यायची, तो इतरांच्या भाजीपुरतं मीठ चिमटीनं काढून द्यायचा आणि झाकण लावायचा. अठरा वर्षांची पोर ती, डोक्यावरचा पदर सावरत वाटी पुढे करायची, वर बघायची नाही. गोदावरी पहिले पंधरा दिवस हसून घालवायची. मग रुसली. मग भांडली: "मले काय सुतक आहे का, अळणी खाले?" मग गयावया करू लागली, आणि ते फार वाईट होतं. तो बधला नाही. दोन महिने उलटले, ती होती. तीन झाले, चार झाले. त्याची छाती फुगली. डॉक्टरला काय कळतं! आपण राखली तिला, आपण, या बरणीवर पहारा करून. सातवा महिना लागला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. एका सकाळी तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "एक खडा द्या जी. जिभेवर ठेवते नुसता, गिळत नाही." तो म्हणाला, "उद्या देतो." त्याला मागावर जायचं होतं, करवती काठाचं लुगडं अर्ध्यावर आलं होतं. दुपारनंतर ती गेली. तो 'उद्या' मग नऊ वर्षं त्याच्या जिभेवर राहिला. लोक म्हणाले, सेवकरामसारखी सेवा कोणी केली नाही बायकोची. तो मान हलवायचा. मरणार हे ठाऊक असून आपण तिला उपाशी ठेवल्यागत मारलं, हे तो कोणाला सांगणार होता?

आठवडाभर असं चाललं आणि मग नवल झालं. कर्नल खुलू लागला. म्हणजे सकाळच्या वाडग्याला तसाच नखरा, पण अंगावर तजेला आला, शेपूट हलू लागली, डोळ्यातली ती ओशाळी नजर जरा कमी झाली. सेवकराम मागावर बसला की तो खड्ड्याच्या काठाशी येऊन पडायचा. त्याला ऐकू कमी यायचं, पण मागाची फणी ठोकली की जमीन हादरते ती त्याला पोटाखाली लागत असावी. धोटा थांबला की डोकं वर करायचा, थांबलात का म्हणून. सेवकराम त्याच्याशी बोलू लागला. सुरुवातीला आजूबाजूला कोणी नाही ना पाहून, नंतर तसंच. "कसं काय कर्नल, सूत तुटून राहिलं आज," असं. इश्वर रविवारी आला तेव्हा आधी "बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" म्हणाला आणि पंधरा मिनिटांनी कुत्र्याचे कान खाजवत बसला. तेजरामही बदलला. ताणा लागला की तो सकाळी ओसरीवरून ओरडायचा, "सेवकभाऊ, तुमच्या साहेबाले सांगा, रस्ता बंद आहे!" आणि मंदाबाई, जी त्याचं काही करणार नव्हती, ती त्याला कर्नलजी म्हणू लागली होती. "कर्नलजी, सरका तिकडं, झाडून घेऊ द्या." सेवकरामला हे सगळं गोड वाटायचं आणि गोड वाटतं म्हणून भीती वाटायची. एखाद्या दुपारी धोटा टाकता टाकता त्याच्या मनात यायचं, की दुसऱ्यांदा दिलं आहे देवानं, पुन्हा एकदा तोच पेपर, तेच प्रश्न. या वेळी तरी आपण नीट राखू. नीट म्हणजे कसं, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

महिन्यानं तो त्याला दवाखान्यात घेऊन गेला. मोठ्या दिमाखात घेऊन गेला म्हणा. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाणी वाढलंय की. मीठ देता का?" "छे!" "नक्की? थोडंसं? वरण, भाजी काही?" "शप्पथ घेतो, साहेब. माझ्या हातानं शिजवतो, कणभर नाही मीठ." डॉक्टरांनी गोळी अर्ध्याची पाऊण केली. सेवकराम परत निघाला तेव्हा त्याचं डोकं भणभणत होतं. मीठ नाही, तरी पाणी वाढतं. मग मिठाचा काही संबंधच नव्हता का? तेव्हाही? तो घाटाच्या रस्त्यानं वळला, उगाच, वैनगंगेकडे बघत थोडा वेळ थांबला. कर्नल त्याच्या पायावर टेकून बसला आणि खोकला. सेवकरामनं खाली वाकून त्याच्या छातीवर हात ठेवला. आत काहीतरी घाईघाईनं, ठोके चुकवत चाललं होतं. "राहाय ना रे," तो म्हणाला, "थोडा आणखी राहाय." जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ऐकलं असेल तर असेल.

त्यानंतरच्या बुधवारी तो सोसायटीत सूत आणायला गेला. दर बुधवारी जायचा, जेवणवेळेला जाऊन दुपार कलता यायचा. त्या दिवशी सोसायटीला कुलूप. कोणी तरी वारलं होतं. तो तसाच परत फिरला आणि पायाला माती लागली म्हणून मागच्या दारानं, परसातून आत आला. मंदाबाई विहिरीच्या ओट्याशी बसली होती. समोर तिचं स्वतःचं ताट, त्यात वरण-भात, वांग्याची भाजी, वर सुक्या झिंग्याची चटणी. ती कालवून घास करत होती आणि एक एक घास कर्नलच्या तोंडाशी नेत होती. "खा जी कर्नलजी, खा लवकर. तुमचे मालक येतीन तं वरडतीन. काय ते अळणी भात खाऊन राहिले बापा रोज! मरतुकड्या जीवाले चव नाही का?" कर्नल तिची बोटं चाटत होता. त्याची शेपूट जमिनीवर आपटत होती. इतक्या आनंदानं खाताना सेवकरामनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मंदा!"

ताट हातातून सुटलं. भात ओट्यावर पसरला. कर्नलला काय ऐकू येणार, तो भात वेचत राहिला. सेवकराम पुढे आला. "तुले सांगतलं होतं ना? डॉक्टरसमोर शप्पथ घेतली मी! पाणी काहून वाढून राहिलं, आता समजलं. तूच मारून राहिली त्याले! तूच!"

मंदाबाई रडेल, पाया पडेल, निदान पदर तोंडाला लावेल असं त्याला वाटलं. ती उभी राहिली नाही, बसूनच राहिली, खरकटा हात हवेत तसाच धरून. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "हो," ती म्हणाली. "याले बी मीच मारलं म्हणा."

"याले बी? अन् आणखी कोणाले?"

"आत्याबाईले." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाईले बी देत होती मी मीठ. माझ्या वाट्याचं. तुम्ही वाटीत देत होते ना, त्यातलं भाजीत कमी टाकायची, अन् उरलेलं पदराच्या गाठीत. तुम्ही एकदा म्हणाले बी होते, भाजी फिकी आहे म्हणून. बुधवारी तुम्ही सोसायटीत गेले का गाठीतलं मीठ टाकून त्यांले माझं ताट द्यायची अन् त्यांचं अळणी मी खायची. पाच-सहा महिने देल्लं जी. अन् त्या गेल्या. नऊ वर्षं झाले, मामाजी, मी कोणाले सांगतलं नाही. यांले बी नाही."

सेवकराम ओट्याच्या कडेवर बसला. पहिल्यांदा त्याला राग आला, स्वच्छ, गरम राग: मग ती या मिठानं गेली. मग त्या रागाखालून दुसरंच काही वर आलं. ते पाच महिने. डॉक्टरांच्या दोनावर मिळवलेले पाच महिने, ज्यांच्यावर तो नऊ वर्षं गुपचूप जगला होता, ते त्यानं मिळवलेच नव्हते. बरणी त्याच्या उजव्या हाताशी होती, झाकण लावलेलं होतं, आणि त्याच्या पाठीमागे दोघी ताटं बदलून जेवत होत्या. त्याला फसवल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांची बायको, आणि तिनं कालच्या पोरीला जवळ केलं, त्याला नाही. का? तो मागावर बसलेला असताना त्या हसत असतील का? हे सगळं एकदमच मनात आलं, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष मंदाबाईच्या हाताकडे गेलं. तो हात अजून हवेतच होता. आणि त्याला आठवलं, की या घरातली भाजी नऊ वर्षं फिकी आहे. इश्वर रविवारी चिडायचा, ताटात वरून मीठ घ्यायचा, "तुले मीठ टाकाले काय होते गं?" म्हणायचा. मिठाच्या बरणीत हात घालताना दर वेळी, रोज दोनदा, हिच्या मनात काय होत असेल? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई, आणि त्यातली नऊ वर्षं हिनं खुनासारखं काही पोटात घेऊन काढली. आपल्यासारखीच. एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे.

"मी मारलं का जी त्यांले?" तिनं विचारलं. इतक्या हळू, की उत्तर नसलं तरी चालेल अशा आवाजात.

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण नुसत्या 'नाही'वर तिचा विश्वास बसला नसता. तो सासरा होता, मोठा होता, समजूत काढतो आहे असंच तिला वाटलं असतं. 'नाही' खरं करायचं तर त्याला सगळंच सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितल्यावर या पोरीच्या डोळ्यांत त्याची जी जागा होती, सासूची सेवा करणाऱ्या देवमाणसाची, ती राहणार नव्हती. त्यानं कर्नलकडे पाहिलं. कर्नलचं जेवण आटोपलं होतं, तो मिश्यांना लागलेली चटणी चाटत होता.

"नाही," तो म्हणाला. "तू नाही मारलं. ती जाणारच होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी मले आत बोलावून सांगतलं होतं. दोन महिने म्हणे. मिठानं काही वाचणार नाही, काही मरणार नाही. तिनं सात महिने काढले. त्यात तुझा दोष नाही, पोरी. असला तं गुण असन."

मंदाबाईनं मान वर केली. तिच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू सुटल्यासारखं झालं, खांदे खाली आले, डोळे भरले. आणि मग, त्याला वाटलंच होतं तसं, तिचे डोळे बदलले.

"तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं अन् तरी बरणी घेऊन बसले? त्या रडत होत्या जी! पाया पडत होत्या तुमच्या! जाणारच आहे हे माहीत असून?"

"हो," सेवकराम म्हणाला. भीती वाटली म्हणून, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून, असं बरंच काही त्यानं नऊ वर्षांत स्वतःला सांगून ठेवलं होतं. त्यातलं काहीएक या वेळी तोंडावाटे निघालं नाही. तो खाली मान घालून बसला. मंदाबाईनं खरकटा हात ओट्यावर पुसला, पुसतच राहिली. रागानं तिचा श्वास जोरात चालला होता. आता ही उठून जाईल, त्याला वाटलं, आणि उद्यापासून पुढ्यात ताट ठेवताना आपल्याकडे बघणार नाही. बरोबरच आहे ते. शेजारच्या माडीवर शकुनबाईचा कांड्या भरायचा रहाट फिरत होता, त्याची किरकिर तेवढी ऐकू येत होती.

ती उठली नाही. हात पुसता पुसता म्हणाली, "त्यांले समजलं होतं."

"काय?"

"आपण जाणार ते. मले म्हणाल्या होत्या एकदा. मी घाबरली ना, मामाजीले समजलं तं काय म्हणतीन म्हणून. तं त्या म्हणाल्या, 'तुह्या मामाजीले सांगू नको बापा. त्याईले वाटून राहिलं का मले वाचवून राहिले. वाटू दे. तेवढ्यावरच ते जेवून राहिले.'" तिनं नाक ओढलं. "राग नव्हता त्यांले तुमचा. मले येते राग. त्यांले नव्हता."

सेवकरामनं तोंड फिरवलं. परसातल्या भिंतीकडे, कुठं तरी. त्याचे खांदे हलले ते मंदाबाईनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. कर्नलला त्या दोघांमधलं काय कळलं असेल ते असो, तो आपलं जड पोट उचलून आला आणि दोघांच्या मध्ये, ओट्याला टेकून बसला. त्याला खोकला आला. या वेळी कोणाकडे न बघता त्यानं तो पुरा केला.

"आणखी काय म्हणे ती?" सेवकरामनं विचारलं. "बुधवारी. काय काय मागे?"

मंदाबाईनं सांडलेला भात एका बाजूला सारला, ताट सरळ केलं आणि पाय पोटाशी घेऊन नीट बसली. "सुरुवात कुठून करू जी," ती म्हणाली, "लई मागत होत्या. झिंग्याची चटणी तं दर बुधवारी लागे. अन् खाऊन झालं का मंग बडीशेप चावायच्या, तुम्हाले वास येईन म्हणून." आणि ती सांगू लागली, आणि सेवकराम एका जागी बसून, एकेक पदार्थ, पोट भरेस्तोवर ऐकत राहिला.